जुगाराच्या व्यसनाची प्रश्नावली स्पॅनिश बोलणाऱ्यांसाठी कशी बनवायची: पहिल्यांदाच हे काम हातात आलेल्यांसाठी

अमेरिकेत पब्लिक हेल्थ शिकायला आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना रिसर्च असिस्टंट म्हणून पहिलं काम बऱ्याचदा असलंच काहीतरी मिळतं. प्रोफेसर म्हणतात ही इंग्रजी प्रश्नावली आहे, इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांसाठी हवीय, दोन महिन्यांत करून टाक. मग ते पोर बिचारं गूगल ट्रान्सलेट उघडून बसतं. मला वर्षभरात तिघांनी फोन करून हेच विचारलं, "ताई, कुठून सुरुवात करू?" म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी हे काम ईस्ट कोस्टवरच्या एका छोट्या टीममध्ये केलंय. माझं स्पॅनिश शिकलेलं आहे, घरचं नाही, त्यामुळे भाषांतर मी केलेलं नाही आणि तुम्हीही करू नका. आपलं काम बाकीचं सगळं सांभाळायचं आणि ते बाकीचंच जास्त आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सगळं त्या नजरेनं वाचाल. या कामात भाषांतर हा सगळ्यात छोटा भाग आहे. खरं काम म्हणजे तुम्ही विचारलेला प्रश्न समोरच्या बाईला किंवा बुवाला नक्की कसा ऐकू गेला ते शोधून काढणं, आणि ते त्यांच्यासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

आधी कुठली प्रश्नावली ते ठरवा

जुगाराच्या स्क्रीनिंगसाठी चार-पाच प्रश्नावल्या सारख्या वापरात असतात. जुनी आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे साउथ ओक्स गॅम्बलिंग स्क्रीन, सगळे सोग्स म्हणतात. लेसियूर आणि ब्लूम यांनी १९८७ मध्ये काढली, वीस गुणांची, पाच किंवा जास्त आले की जुगाराचा आजार असण्याची बरीच शक्यता. मग कॅनडातली पीजीएसआय (प्रॉब्लेम गॅम्बलिंग सेव्हेरिटी इंडेक्स), २००१ ची, फक्त नऊ प्रश्न, मागच्या १२ महिन्यांबद्दल विचारते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. शून्य म्हणजे त्रास नाही, १-२ कमी धोका, ३ ते ७ मध्यम, ८ आणि वर म्हणजे प्रॉब्लेम आहे. त्याहून छोटी बीबीजीएस (ब्रीफ बायोसोशल गॅम्बलिंग स्क्रीन), २०१० ची, तीनच प्रश्न, एकालाही 'हो' आलं की पुढे नीट तपासायचं. आणि लाय-बेट नावाची तर दोनच प्रश्नांची आहे.

आता निवड कशी करायची? क्लिनिकमध्ये नर्सकडे एका पेशंटला पाच मिनिटं असतील तर वीस प्रश्न कुणी विचारणार नाही, तिथे छोटीच घ्या. सर्व्हे करायचा असेल, धोका कमी-मध्यम-जास्त असा बघायचा असेल तर पीजीएसआय बरी. सोग्स तिच्या काळातल्या डीएसएम-३ वर (डीएसएम म्हणजे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक, ३ म्हणजे तिसरी आवृत्ती) बेतलेली आहे आणि त्यानंतर व्याख्या बऱ्याच बदलल्यात. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये नऊ लक्षणांपैकी वर्षभरात चार असली की निदान होतं, आणि जुगारासाठी बेकायदेशीर कृत्यं केली का हा मुद्दा त्यांनी काढूनच टाकला. तरी जुन्या संशोधनाशी तुलना करायची असेल तर सोग्स अजून लागते.

आणि हे काम सुरू करायच्या आधी शोधा की स्पॅनिशमध्ये आधीच कुणी केलंय का. सोग्सचं स्पेनमध्ये १९९४ मध्येच झालेलं आहे, एचेबुरुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं. त्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी कटऑफ पाचवरून चारवर आणला. तीच प्रश्नावली, दुसरी भाषा, दुसरा देश, आणि रेषा एका गुणाने खाली. इंग्रजीतला कटऑफ डोळे झाकून उचलायचा नाही हे एवढ्या एका उदाहरणावरून समजतं. तयार व्हर्जन मिळालं तर मूळवाल्यांची परवानगी आणि वापरायच्या अटी ईमेलवर लिहून मागून घ्या, तोंडी "हो चालेल" वर राहू नका.

कुठलं स्पॅनिश?

स्पेनमधलं तयार व्हर्जन मिळालं म्हणजे सुटलो असं वाटतं, मलाही वाटलेलं. पण साधं उदाहरण घ्या, स्लॉट मशीन. स्पेनमध्ये त्याला त्रागापेर्रास म्हणतात. तिकडे १९७७ मध्ये जुगार कायदेशीर झाला आणि नंतर ही मशीनं कोपऱ्याकोपऱ्यावरच्या बारमध्ये कॉफीच्या मशीनशेजारी येऊन बसली, त्यामुळे शब्द घराघरात माहीत. लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्रागामोनेदास, म्हणजे नाणी गिळणारी. आणि मेक्सिकोतून आलेल्या कितीतरी लोकांच्या तोंडी नुसतं माकिनितास, छोटी मशीनं. स्पेनचा शब्द न्यू यॉर्कमधल्या डोमिनिकन आजीपुढे ठेवला तर तिला अंदाजाने समजेलही, पण ती वाचताना अडखळणार आणि हा कागद आपल्यासाठी नाही असं तिला वाटणार.

लॉटरीचं तर अजून मजेशीर आहे. मेक्सिकोत लोतेरिआ म्हटलं की सरकारी लॉटरी असतेच, पण घरोघरी खेळायचा चित्रांच्या पत्त्यांचा खेळही आठवतो, आपल्या हौजीसारखा, एक जण चित्राचं नाव पुकारतो आणि बाकीचे तक्त्यावर घेवड्याचे दाणे ठेवत जातात. मग "तुम्ही लोतेरिआ खेळता का" याला एखादी बाई आनंदाने हो म्हणणार, नातवंडांबरोबर दर रविवारी. किनिएला म्हणजे स्पेनमध्ये फुटबॉलच्या निकालांवरचा खेळ, अर्जेंटिनात आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आकड्यांचा. बोलिता म्हणजे क्युबन आणि पोर्तो रिकन लोकांचा बेकायदेशीर आकडा, आपल्याला मटक्यावरून लगेच कळेल असा प्रकार.

म्हणून पहिला निर्णय हा की आपले लोक कोण. तुमच्या गावात, तुमच्या क्लिनिकमध्ये कुठल्या देशांतून आलेले लोक येतात ते आधी बघून घ्या. सगळे मिश्र असतील तर सगळीकडे समजेल असा शब्द घ्या आणि खेळांच्या यादीत एकाच गोष्टीची दोन-तीन नावं स्वल्पविरामाने शेजारी शेजारी द्या, कागद थोडा गिचमिड दिसला तरी चालतो. अजून एक, लॅटिन अमेरिकेतून आलेल्या सगळ्यांची घरची भाषा स्पॅनिश असतेच असं नाही. दक्षिण मेक्सिकोतून आलेले मिश्तेक बोलणारे असतात, अँडीजमधले केचुआ बोलणारे असतात, त्यांच्यासाठी स्पॅनिश ही दुसरी भाषा. त्यांना कागद हातात देण्यापेक्षा तोंडी विचारणं बरं.

संबोधनाचं ठरवायला वेळ लागणार नाही. स्पॅनिशमध्ये तू आहे (हो, अगदी आपल्यासारखंच तू, आणि अर्थही तोच) आणि उस्तेद आहे, जे आपल्या तुम्हीच्या जागी येतं. अनोळखी मोठ्या माणसाला जुगाराबद्दल, कर्जाबद्दल विचारताय, उस्तेदच वापरा. एक भानगड मात्र लक्षात ठेवा, उस्तेद बरोबर सु येतं आणि सु म्हणजे तुमचं, त्याचं, तिचं, त्यांचं, सगळंच. "सु दिनेरो" म्हणजे तुमचे पैसे की नवऱ्याचे? वाक्यात आधी नवऱ्याचा उल्लेख आलेला असेल तर लोक हमखास गोंधळतात. तिथे वाक्य फोडायचं.

भाषांतराच्या आधी एक कागद

ही पायरी बहुतेक जण गाळतात. प्रत्येक प्रश्नासमोर साध्या भाषेत लिहून काढा की या प्रश्नाला नक्की काय पकडायचंय. उदाहरणार्थ पीजीएसआयमध्ये विचारतात, हरलेले पैसे परत मिळवायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात का. इथे पकडायचंय ते हरल्याच्या मागे लागणं. मग भाषांतर करणारीला कळतं की 'दुसऱ्या दिवशी' म्हणजे अक्षरशः उद्याच असं नाही, नंतर कधीतरी, आणि मुद्दा पैसे वसूल करायच्या हट्टाचा आहे. हा कागद नसेल तर ती फक्त शब्द बदलून देते, तिचा दोष नाही.

दोघीजणी, वेगवेगळ्या

भाषांतर दोघांकडून करून घ्यायचं आणि दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही. दोघांची घरची भाषा स्पॅनिश हवी, शक्यतो वेगवेगळ्या देशांचे, आणि एकाला जुगाराच्या उपचारातलं माहीत असावं, दुसऱ्याला अजिबात नसावं. ज्याला माहीत नाही तो साधे शब्द वापरतो. ज्याला माहीत आहे तो लुदोपातिया सारखा शब्द वापरतो, जो बरोबर आहे, स्पेनमध्ये तर पेपरात रोज असतो, पण पहिल्याच ओळीत आजाराचं नाव दिसलं की अर्धे लोक कागद खाली ठेवतात. आणि घरातल्या बोलण्यात तर लोक विसिओ म्हणतात, म्हणजे व्यसन, पण त्यात दोष दिल्याचा सूर असतो, आपण "त्याला नाद लागलाय" म्हणतो तेव्हा जसा असतो तसाच. प्रश्नात दोन्ही टाळलेले बरे.

मग दोन्ही व्हर्जन्स शेजारी ठेवून मीटिंग घ्यायची, भाषांतर करणारे दोघं, एक उपचार करणारी व्यक्ती, आणि शक्य असेल तर स्वतः या त्रासातून बाहेर आलेलं कुणीतरी. हे शेवटचं माणूस मिळवायला मेहनत पडते पण मिळवाच, त्यांचं एक वाक्य आमच्या अर्ध्या तासाच्या चर्चेपेक्षा जास्त कामाचं असायचं. नऊ प्रश्नांना आम्हाला दोन दुपारी लागल्या.

या मीटिंगमध्ये कसले प्रश्न येतात त्याची कल्पना यावी म्हणून सांगते. जुगार खेळताना पूर्वीइतकीच मजा यायला जास्त पैसे लावावे लागले का, असा एक प्रश्न आहे, इंग्रजीत तिथे एक्साइटमेंट आहे. स्पॅनिशमध्ये त्याच तोंडवळ्याचा एक्सितासिओन शब्द तयार असतो, आणि तो घातलात तर कित्येकांना ते लैंगिक उत्तेजनाबद्दल वाटेल. तिथे एमोसिओन घ्यायचं. गूगलवर काम उरकलं असतं तर हे असंच छापलं गेलं असतं.

दुसरं, परवडणं. पीजीएसआयचा पहिलाच प्रश्न, हरले तर परवडणार नाही एवढे पैसे लावलेत का. आपल्याकडे परवडणं हा किती सोपा शब्द आहे, भाजीवालीपासून सगळ्यांच्या तोंडी. स्पॅनिशमध्ये असा एका शब्दात येणारा सोपा पर्याय नाही, पुस्तकी भाषेत पेर्मितिर्से लिहितात, स्वतःला मुभा देणं असा काहीतरी. व्याकरणाने बरोबर, पण कमी शिकलेल्या माणसाला ते परवानगीबद्दल वाटतं. आमच्यात यावर खूप वाद झाला. एकीचं म्हणणं "भाड्यासाठी, जेवणासाठी लागणारे पैसे लावलेत का" असं सरळ विचारू. समजायला ते छानच, पण मग प्रश्न कडक होतो, ज्याने भाड्याला हात लावला नाही पण पोराच्या शाळेसाठी साठवलेले उडवले तो नाही म्हणेल. शेवटी "दुसऱ्या गरजांसाठी लागणारे पैसे" असं काहीतरी मधलं घेतलं आणि का घेतलं ते वहीत लिहून ठेवलं. ती वही फार महत्त्वाची आहे, प्रत्येक शब्दामागचं कारण तारखेसकट लिहा, सहा महिन्यांनी कुणीतरी विचारतंच की हे असं का केलंत.

सोग्स घेतली असेल तर कर्ज कुणाकुणाकडून काढलं याची लांब यादी आहे तिच्यात, बायको-नवरा, नातेवाईक, बँक, क्रेडिट कार्ड, सावकार, चेक वगैरे. इथे नवीन आलेल्या माणसाचं कित्येकदा बँकेत खातंच नसतं, मग चेकचा प्रश्न त्याला लागूच होत नाही आणि त्याचा एक गुण आपोआप बुडतो. उलट तो जिथून खरंच पैसे उचलतो ते यादीत नसतं, ते म्हणजे तांदा. मेक्सिकन लोकांची तांदा म्हणजे आपली भिशीच हो, दर आठवड्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम घालायची आणि पाळीपाळीने एकाने उचलायची, डोमिनिकन लोक त्याला सान म्हणतात. तांदाची उचललेली रक्कम जुगारात गेली आणि पुढचे हप्ते भरता येईनात, हे त्या समाजात फार मोठं संकट आहे, कारण तिथे फक्त पैसे जात नाहीत, शब्द जातो. असं काही जोडायचं असेल तर जोडा, पण मूळ प्रश्नांच्या गुणांत मिसळू नका, वेगळं विचारा, नाहीतर इतरांच्या आकड्यांशी तुलना संपली.

उलट भाषांतर: करा, पण त्यावर विसंबू नका

तिसऱ्या माणसाने, ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही, स्पॅनिशवरून परत इंग्रजी करायचं. ही पद्धत १९७० पासून ब्रिस्लिन या संशोधकाच्या नावाने ओळखली जाते आणि एथिक्स कमिटी बहुतेक वेळा ती मागतेच. ढोबळ चुका पकडल्या जातात, एखादा 'नाही' गळलेला असतो, 'मागचे १२ महिने' याचं 'गेलं कॅलेंडर वर्ष' झालेलं असतं.

पण तिची मर्यादा मी डोळ्यांनी बघितली. पीजीएसआयमध्ये एक प्रश्न आहे की लोकांनी तुमच्या जुगारावर टीका केली का. आमच्या पहिल्या स्पॅनिशमध्ये होतं फोर्मा दे हुगार, खेळायची पद्धत. उलट भाषांतर झकास आलं, मूळ इंग्रजीशी जवळजवळ तंतोतंत, कमिटी खूश. आणि मग पहिल्याच मुलाखतीत एक काका म्हणाले, हो तर, माझा मेहुणा नेहमी म्हणतो की मी चुकीच्या घोड्यावर लावतो. म्हणजे त्यांना वाटलं, तुम्ही खराब खेळता असं कुणी म्हणालं का! हुगार म्हणजे खेळणं, फुटबॉलही हुगार, पत्तेही हुगार, जुगारही हुगार. आपल्याला हे कळायला अवघड नाही, "तू कसा खेळतोस यावर लोक बोलतात का" म्हटलं तर आपल्यालाही आधी क्रिकेटच आठवेल. उलट भाषांतर करणाऱ्याला विषय माहीत होता म्हणून त्याने ते आपोआप जुगार असं वाचलं. तिथे आम्ही "पैसे लावून खेळण्याबद्दल" असं सरळ घातलं आणि प्रश्नावलीच्या सुरुवातीलाच एक वाक्य टाकलं की पुढे जिथे जिथे खेळणं म्हटलंय तिथे पैसे लावून खेळणं समजा, लॉटरी आणि स्क्रॅच तिकिटंही त्यात धरा.

लोकांसमोर बसा

इथे वेळ घाला, बाकी कुठे वाचवायचा तो वाचवा. याला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात. एका फेरीत आठ-दहा माणसं पुरतात, पण ती वेगवेगळ्या देशांची, वयाची, शिक्षणाची हवीत आणि त्यात जुगार खेळणारे आणि न खेळणारे दोन्ही हवेत. मुलाखत घेणारी व्यक्ती स्पॅनिश घरात वाढलेली हवी. तुम्ही शेजारी बसून टिपणं घ्या.

करायचं काय, तर प्रश्न वाचायला द्यायचा, उत्तर घ्यायचं, आणि मग विचारायचं की हा प्रश्न तुमच्या शब्दांत तुमच्या बहिणीला कसा विचाराल? हे उत्तर देताना काय आठवलं? मागचे १२ महिने म्हणजे तुम्ही कधीपासून धरले? "समजलं का" असं कधीच विचारू नका, कुणीही पाहुण्यासमोर नाही समजलं म्हणत नाही, आपल्याकडेही म्हणत नाहीत.

एक मुलाखत मला कायम लक्षात राहील. चर्चच्या तळघरातली खोली, घडीची टेबलं, कुणीतरी मागे कॉफी करत होतं. साठीच्या पुढच्या एक डोमिनिकन बाई, घरकाम करणाऱ्या. पहिला प्रश्न, मागच्या १२ महिन्यांत जुगार खेळलात का. नाही. स्पष्ट, मान हलवून, थोडं रागानेच. पुढचे सगळे प्रश्न मग आपोआप नाही. माझी सहकारी हसून म्हणाली, बरं, मग फावल्या वेळात काय करता? त्यावर त्यांनी पर्समधून रबरबँड लावलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, रोजच्या आकड्यांच्या लॉटरीच्या चिठ्ठ्या, काहींवर मागे पेनाने स्वप्नात काय दिसलं ते लिहिलेलं, आणि म्हणाल्या, यो नो ह्वेगो, यो कोम्प्रो मि नुमेरितो. मी खेळत नाही, मी माझा नंबर घेते. दिवसाला किती? कधी पाच डॉलर, कधी वीस, मुलाला सांगत नाही. मुलाला सांगत नाही हे वाक्य त्यांनी आपणहून सांगितलं. आणि आमच्या कागदावर त्यांच्या नावापुढे सगळे शून्य.

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पहिला प्रश्नच काढून टाकला. जुगार शब्द न वापरता यादी दिली, यातलं काय काय करता, नंबर घेता का, रास्पादितो म्हणजे खरवडायची तिकिटं घेता का, बिंगो, कॅसिनोची बस, फोनवरून मॅचवर पैसे, डॉमिनोवर पैसे, कोंबड्यांच्या झुंजी. आणि यादीतल्या एकालाही हो आलं की पुढचे प्रश्न. झुंजींचं आधी सगळ्यांत वरती होतं ते खाली नेलं, कारण पोर्तो रिकोत त्या परंपरेने कायदेशीर होत्या आणि डिसेंबर २०१९ पासून अमेरिकी कायद्याने तिथेही बंद झाल्या. कायद्याची भीती वाटेल अशी गोष्ट पहिलीच विचारली की माणूस आवरून बसतो.

भीतीवरून आठवलं, बीबीजीएस घेणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तिच्या तिसऱ्या प्रश्नात विचारतात की जुगारामुळे एवढी पैशाची अडचण आली का की घरखर्चासाठी कुटुंबाकडून, मित्रांकडून किंवा सरकारी मदत घ्यावी लागली. साधा प्रश्न वाटतो. पण ज्यांची कागदपत्रं अर्धवट आहेत किंवा ग्रीन कार्डचा अर्ज चालू आहे त्यांना सरकारी मदत हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो, कारण सरकारी मदत घेणाऱ्याला कार्ड नाकारता येतं असा नियम या देशात आहे आणि २०२० मध्ये तो काही काळ खूपच कडक केला होता. नियम नंतर सैल झाला, भीती राहिली. ते लोक पूर्ण प्रश्नालाच नाही म्हणतात, भावाकडून पैसे घेतलेले असले तरी. अशा वेळी प्रश्न बदलायच्या आधी वरचं वाक्य बदला, उत्तर कुठे जाणार, नाव लिहिलं जाणार का, इमिग्रेशनला कळणार का, हे स्पॅनिशमध्ये तोंडाने सांगा. जे पाळता येणार नाही ते आश्वासन मात्र देऊ नका.

अजून दोन छोट्या गोष्टी याच मुलाखतींतून निघालेल्या. कुटुंबाला आर्थिक त्रास झाला का यात ओगार शब्द होता, म्हणजे घर. एक तरुण म्हणाला, छे, इथे घरात काही नाही, मी एकटाच तर राहतो, फक्त आईला दोन महिने पैसे पाठवता आले नाहीत. घर म्हणजे कुठलं घर ते आम्ही लिहिलंच नव्हतं. इथे आणि तुमच्या देशातल्या कुटुंबाला, असं घातल्यावर चित्रच बदललं. दुसरं म्हणजे सोग्समधला कामाचा वेळ बुडाला का हा प्रश्न, तो शब्दशः नेला तर "वेळ वाया घालवला का" असा होतो, कामावर खाडा केला का असं विचारायचं असतं.

सुधारणा केल्या की परत पाच-सहा माणसांपुढे बसा. दुसऱ्या फेरीत नवीन घोळ निघतातच, पहिल्या दुरुस्तीने केलेले. मानधन द्यायचं ते रोख देऊ नका, किराणा दुकानाचं कार्ड द्या, कारण तुम्हाला माहीत नाही समोरचा आत्ता कुठल्या अवस्थेत आहे.

कागद कसा दिसतो

अक्षर मोठं, वाक्य लहान, एका प्रश्नात एकच गोष्ट. उत्तरांच्या चार पायऱ्या, कधीच नाही, कधीकधी, बहुतेक वेळा, जवळजवळ नेहमी, यातल्या शेवटच्या दोघांमधला फरक बऱ्याच लोकांना सांगता येत नाही, तोंडी विचारत असाल तर चारही पुन्हा पुन्हा वाचून दाखवा. बरं वाटावं म्हणून हो म्हणणं किंवा टोकाचंच उत्तर देणं हे लॅटिनो लोकांवरच्या अभ्यासांत आधी दिसलेलं आहे, तेही लक्षात ठेवा. घरातल्या मुलाला दुभाष्या म्हणून कधीही बसवू नका. आई मुलासमोर काय सांगणार?

मग आकडे

इथे स्टॅटिस्टिक्सवाल्यांना सुरुवातीपासून बरोबर घ्या, शेवटी नाही. दोन-तीनशे लोकांकडून तरी भरून घ्यावी लागते, मग प्रश्न एकमेकांशी जुळतात का, इंग्रजीवाल्यांमध्ये आणि स्पॅनिशवाल्यांमध्ये तोच प्रश्न तसाच चालतो का, हे ते बघतात. याच्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे काही जणांची तज्ज्ञाकडून डीएसएम-५ प्रमाणे नीट मुलाखत करून घेऊन प्रश्नावलीचं उत्तर त्याच्याशी ताडून बघणं. कटऑफ तिथून येतो.

एक हिशोब करून दाखवते, आकडे माझे, समजण्यापुरते. हजार माणसांत वीस जणांना खरा त्रास आहे. प्रश्नावली शंभरातले नव्वद आजारी पकडते आणि शंभरातले नव्वद निरोगी बरोबर सोडते, म्हणजे ऐकायला उत्तम. वीसमधले अठरा सापडले. पण राहिलेल्या ९८० मधले ९८ उगाच सापडले. एकूण ११६ जणांना तुम्ही सांगणार की गडबड दिसतेय आणि त्यातले फक्त अठरा खरे. म्हणून स्क्रीनिंगला निदान म्हणू नका, स्पॅनिश कागदावरही तसं लिहू नका, "यावर बोलायला आवडेल का" इतकंच लिहा.

'हो' आल्यावर काय

खरंतर हे सगळ्यात आधी ठरवायचं असतं पण सगळे शेवटी करतात म्हणून शेवटी लिहितेय. जुगाराच्या त्रासात आत्महत्येचे विचार येण्याचं प्रमाण जास्त असतं, त्यामुळे मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं की कुणी असं काही बोललं तर त्याच मिनिटाला कुणाला बोलवायचं. जवळपास स्पॅनिश बोलणारा समुपदेशक कोण, तो इन्शुरन्स नसलेल्यांना घेतो का, हुगादोरेस आनोनिमोसच्या (म्हणजे गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस, जुगार सोडणाऱ्यांचा मदतगट) स्पॅनिश मीटिंगा कुठल्या वारी कुठे भरतात, याची यादी प्रश्नावली छापायच्या आधी तयार ठेवा.

आणि कागदाच्या मागे जो हेल्पलाइन नंबर छापणार आहात तो आधी स्वतः लावून बघा. ऑफिसच्या वेळेत नाही, शनिवारी रात्री अकराला लावा, हरून आलेला माणूस त्याच वेळी फोन करतो. आमच्या टीममधल्या मुलीने लावला तेव्हा स्पॅनिशसाठी दोन दाबा असं आलं, तिने दोन दाबलं, आणि चौदा मिनिटं गाणं वाजून फोन कट झाला. तो नंबर आम्ही छापला नाही. दुसरा शोधला, तिथे तिसऱ्या रिंगला एका बाईंनी उचलला आणि स्पॅनिशमध्ये विचारलं, बोला, मी ऐकतेय.